‘जकात’, ‘आयातशुल्क’ की सरळ ‘टॅरिफ’? फलकावर काय लिहू?

दर्यावर्दी (मालवण)
आमच्या मच्छीमार सोसायटीच्या फलकावरचा मजकूर मी लिहितो. अमेरिकेने भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि रशियन तेलाचं कारण पुढे करून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लावले. मी लिहिलं, ‘अमेरिकेची कोळंबीवर ५० टक्के जकात’. सकाळी एक तांडेल (होडीचा प्रमुख) विचारत आला, “ती जकात आमी खंय भरूची?” त्याचा प्रश्न रास्त होता. त्याने आयुष्यभर पाहिलेली जकात म्हणजे माल घेऊन जाणाऱ्याने नाक्यावर भरायचे पैसे. सेक्रेटरी म्हणतात टॅरिफ लिहा, पेपरात तेच असतं. पण हा पैसा अमेरिकेच्या बंदरात तिथला घेणारा भरतो, आणि मग आपल्याला भाव पाडून मागतो, हे कळेल असा मराठी शब्द आहे का?

पारिभाषिक (चिपळूण)
शब्द आहे: प्रशुल्क. टॅरिफ म्हणजे मुळात कर नव्हे, दरांचा तक्ता. म्हणून तर विजेचं टॅरिफ असतं, लॉजवाल्यांचं टॅरिफ कार्ड असतं. बंदरावर प्रत्यक्ष भरायची रक्कम ती सीमाशुल्क. दोन गोष्टींना दोन शब्द हवेतच.

वेंगुर्लेकरीण
प्रशुल्क वाचून तांडेल परत येईल आणि या वेळी काय विचारायचं तेही त्याला कळणार नाही. आमच्याकडे एकच शब्द, कष्टम. खातं कष्टम, साहेब कष्टम, भरायचे पैसेही कष्टम. ‘अमेरिकेच्या कष्टमाने ५० टक्के लावले’ लिहा, पैसे कुठे भरायचे ते आपोआप कळतं.

हर्णैवाला
दर्यावर्दी काका, जकात नको, असं मलाही वाटतं, पण कारण वेगळं. आमच्या मोहल्ल्यात जकात म्हणजे गरिबाचा हक्क. वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालमत्तेचा चाळिसावा हिस्सा, बहुतेक घरांतून रमजानात निघतो. तो देणाऱ्याने मनापासून द्यायचा असतो. अमेरिकेने दुसऱ्याची मान पिरगळायला लावलेल्या कराला तेच नाव दिलेलं माझ्या वालिदांना अजिबात रुचलं नाही. नाक्यावरच्या करालाही ते कधी जकात म्हणाले नाहीत, ‘नाक्याचे पैसे’ म्हणायचे. आणि पारिभाषिक सर, टॅरिफला इंग्रजी समजू नका. तो अरबी ‘तारीफ’, म्हणजे कळवणे, ओळख करून देणे. इटालियनमार्गे इंग्रजीत गेला. आपण कुणाची तारीफ करतो तोच हा शब्द.

पारिभाषिक (चिपळूण)
म्हणजे एक अरबी शब्द काढून दुसरा अरबीच घ्यायचा? सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. दिनांक, महापौर हे शब्द त्यांनी रुजवले, तेव्हाही लोक हसलेच होते. आज तलाठ्याच्या कागदावर ‘दिनांक’ असतं आणि कुणाला खटकत नाही. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. शब्द वापरला तर रुजतो. आपणच वापरायला लाजतो.

मिठागर (कुडाळ)
महाराजांचं नाव निघालंच आहे तर आमच्या कुडाळच्या सुभेदाराला, नरहरी आनंदराव यांना, १६७१ मध्ये गेलेलं पत्र आठवा. पोर्तुगिजांच्या गोव्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त, म्हणून व्यापारी तिकडे वळले आणि आपली मिठागरं बसायची वेळ आली. महाराजांचा हुकूम असा की बारदेशाच्या मिठावर एवढी जबर जकात बसवा की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडावं. आपला उत्पादक जगावा म्हणून परक्या मालावर कर, हेच टॅरिफ. आणि महाराजांचा शब्द जकात! साडेतीनशे वर्षं कोकणात याच अर्थाने असलेला शब्द सोडायचं कारण काय? महापालिकांनी नाके थाटून त्याचा अर्थ आखडून टाकला. मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर गेली, आता तरी शब्द त्याच्या जुन्या जागी जाऊ दे.

पारिभाषिक (चिपळूण)
पत्र १६७१ चं, राज्याभिषेक १६७४ चा, कोश त्यानंतरचा. पत्रातल्या शब्दाने कोशामागचा हेतू खोडला जात नाही.

मिठागर (कुडाळ)
कोश झाल्यावर तरी रयतेने जकात म्हणणं सोडलं का?

देवगडचा बागायतदार
जकात म्हणा नाहीतर शुल्क, मला जास्त राग ‘रेसिप्रोकल टॅरिफ’च्या ‘जशास तसे शुल्क’ या भाषांतराचा येतो. २ एप्रिल २०२५ ला ट्रम्प यांनी दाखवलेल्या तक्त्यात भारतापुढे ५२ टक्के लिहून त्याच्या निम्मे २६ जाहीर केले होते. ते ५२ आपल्या शुल्काचा दर नव्हताच. अमेरिकेची भारताशी जी व्यापारतूट, तिला भारताकडून घेतलेल्या मालाच्या किमतीने भागून काढलेला आकडा तो. यात ‘जशास’ कुठे आणि ‘तसे’ कुठे? मराठी पेपरांनी समोरच्याचा दावा म्हणीत घालून खरा करून दिला. शब्द निवडताना माणूस बाजू घेतो, हे फलक लिहिणाऱ्याने तर फारच जपायला हवं.
आणि घरचं उदाहरण सांगतो. काजू बीवर आयातशुल्क वाढवा ही आम्हा बागायतदारांची जुनी मागणी, कारण आफ्रिकेची बी आली की आमचा दर पडतो. शेजारचा कारखानदार म्हणतो कमी करा, गावच्या बीवर त्याचं वर्षभर भागत नाही. एकाच वाडीत एकाला ते ‘संरक्षण’ आणि दुसऱ्याला ‘भुर्दंड’. कोशात यातलं काय घालणार?

वेंगुर्लेकरीण
दादा, पटलं. तसाच ‘वाटाघाटी’ घ्या. अमेरिकेचं पथक २५ ऑगस्ट २०२५ ला व्यापार बोलण्यांच्या सहाव्या फेरीसाठी येणार होतं, ते आलंच नाही, आणि बातमी ‘वाटाघाटी लांबणीवर’. माझे वडील सांगायचे, हा वाट आणि घाट यांचा शब्द. कोकणातून वर माल न्यायचा तर कुठल्या वाटेने, कुठल्या घाटाने, हे आधी ठरवावं लागे.

मिठागर (कुडाळ)
ताई, हे ऐकायला गोड आहे, पण मला ते वाटणं आणि घाटणं वाटतं. पाट्यावर वाटायचं आणि मग डावाने घाटायचं, एकजीव होईपर्यंत. चर्चेचं तेच करतात.

वेंगुर्लेकरीण
मग ‘वाटणघाटण’ झालं असतं.

हर्णैवाला
आंबा अमेरिकेत कसा गेला ते आठवतं? २००६ मध्ये बुश आले तेव्हा बोलणी झाली, त्यांच्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकली इकडे आणि आपला आंबा तिकडे. २००७ मध्ये विकिरण (कीड मारायला किरणांचा मारा) करून पहिल्या पेट्या गेल्या. आमच्या आजीच्या भाषेत याला ‘अदलाबदल’ म्हणतात. ‘द्विपक्षीय व्यापार करार’ लिहून कुणाला काय कळलं?

देवगडचा बागायतदार
अदलाबदल मालाची होते. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी सही झाली त्यात मालाबरोबर सेवा आहेत, सरकारी खरेदी आहे. करारच म्हणावं लागेल.

दर्यावर्दी (मालवण)
मंडळी, माझा फलक अजून कोरा आहे! आणि लिहायला बसल्यावर दुसरी अडचण दिसली. आमच्या ट्रॉलरची कोळंबी अमेरिकेत जातच नाही. कासवं सुटावीत म्हणून जाळ्याला जे यंत्र लागतं ते आपल्याकडे सर्रास नाही, म्हणून समुद्रातल्या कोळंबीला तिथे २०१९ पासून बंदी आहे. जाते ती तळ्यातली व्हेनामी जातीची, तीही मुख्यतः आंध्रातली. तिला २००५ पासूनचं अँटी-डम्पिंग शुल्क (फार स्वस्तात माल ओतल्याबद्दलचं) आहेच, वर २०२५ मध्ये हे ५० टक्के आले. ती तळ्यातली कोळंबी तिकडे अडली की देशातल्या बाजारात उतरते आणि आमच्या लिलावाचा भाव खाली ओढते. तांडेलाला सांगायचं आहे ते हे. याला कोणता शब्द?

पारिभाषिक (चिपळूण)
त्याला शब्द नाही, वाक्य लागेल. पण त्या वाक्यात ‘प्रशुल्क’ येऊ द्या, कंसात हवं तर कष्टम लिहा.

वेंगुर्लेकरीण
उलट करा. कष्टम बाहेर, प्रशुल्क कंसात.

मिठागर (कुडाळ)
आणि ‘वाटणघाटण’ नाही, जोडशब्दात ‘ण’ गळतो. देणंघेणं पाहा.

वेंगुर्लेकरीण
देणंघेणं मध्ये ‘ण’ दोनदा आहे, भाऊ.