‘सूत जुळणे’ आणि ‘लग्न जमणे’

गोदाकाठ:
नाशिकमधल्या आमच्या चित्रपटवेड्या मंडळींना लुचानो एमरचा १९५२ चा ‘ले रगाझ्झे दी पियाझ्झा दी स्पान्या’ दाखवायचाय. रोममधल्या एका उंची कपड्यांच्या शिवणघरात तिघी मैत्रिणी कामाला आहेत. दुपारी चौकातल्या पायऱ्यांवर बसून डबा खातात, आणि प्रत्येकीचं प्रेमाचं वेगळं त्रांगडं. पत्रकात मी लिहिलं, ‘अखेर तिघींचं सूत जुळतं.’ एका ज्येष्ठ बाईंनी ते खोडून ‘तिघींची लग्नं जमतात’ केलं. त्यांच्या मते सूत जुळणं म्हणजे चोरून चाललेलं प्रकरण. मला अजिबात पटलेलं नाही. तुमच्याकडे काय अर्थ घेतात?

सिन्नरकर:
बाईंचं बरोबर आहे. ‘त्या दोघांचं सूत जुळलंय’ हे आमच्याकडे ओट्यावर आवाज खाली आणूनच बोलतात. लग्नपत्रिकेत कुणी छापलेलं पाहिलंय का?

भद्रकाली_टाका:
पत्रिकेत तर ‘जमलं’ही छापत नाहीत! आमच्या दुकानात ‘भागीदारांचं सूत जुळलं नाही’ असं सर्रास म्हणतात, सासूसुनेचंही जुळतं. सूत जुळणं म्हणजे मेळ बसणं. या सिनेमात तेच आहे. लूचियाला उंच मुलगा हवा असतो आणि जमतं ते स्वतःएवढ्याच ठेंगण्या जॉकीशी. फसवल्या गेलेल्या एलेनाला टॅक्सीवाला मार्चेल्लो भेटतो (नट तरुण मास्त्रोयान्नी, काय गोड दिसलाय). ‘लग्नं जमतात’ म्हटलं की बैठक, याद्या, देणंघेणं डोळ्यांपुढे येतं. त्यातलं काही इथे नाही. गोदाकाठ, तुमचंच वाक्य ठेवा.

येवलेकर:
मुळात हा शब्दप्रयोग विणकरांचा. मागावरचा ताणा (उभे धागे) संपत आला की जुन्या ताण्याच्या एकेका तारेला नव्याची तार पीळ देऊन जोडतात, त्याला सांधणी म्हणतात. आमची आजी बोटाला राख लावून तार सांधायची. एक तार चुकली तरी पैठणीत उभी रेघ दिसते. सूत जुळणं ते हे. शिंप्याकडे दोरा असतो, सूत नव्हे.

आठसूत:
येवलेकर, आदर राखून सांगतो, हे सुतारांचं आहे. आठ सूत म्हणजे एक इंच. चौकटीचे दोन सांधे सुतात आले नाहीत तर दार घासतं. ‘सुतासारखा सरळ’ हेही ओळंब्याच्या दोरीवरूनच आलंय.

पंचवटी_जोशी:
दोन्ही ‘सूत’ एकच. संस्कृत सूत्र, प्राकृत सुत्त, मराठी सूत. ‘सूतोवाच’ मात्र यात ओढू नका, तिथला सूत म्हणजे पुराणं सांगणारा सूत. माझी खरी हरकत वेगळी आहे. पत्रकात या मुलींना ‘टेलर’ लिहिणार नाही ना? शिंपीण हा चांगला शब्द असताना?

भद्रकाली_टाका:
जोशीकाका, शिंपीण म्हटलं की लोक जात समजतात नाहीतर शिंप्याची बायको. मी रोज मशीनवर बसते. गिऱ्हाईक मला ‘टेलरताई’ म्हणतं, ब्लाउजची बाही कुठे काचते ते विश्वासाने सांगतं. हा माझ्या कामाला मिळालेला शब्द आहे.

पंचवटी_जोशी:
ताई, तुमच्या कामाचा मान आहेच. पण नामदेवांनी ज्या धंद्याचं नाव अभंगात मिरवलं ते आपण जातीच्या भीतीने टाकायचं? वापरलंच नाही तर तो शब्द जातीपुरताच उरेल.

सिन्नरकर:
‘शिवणकाम करणाऱ्या मुली’ लिहा, प्रश्न मिटला.

भद्रकाली_टाका:
मिटत नाही. तिसरी, मारिसा, पुढे त्याच शिवणघरात मॉडेल होते, तिचा प्रियकर ऑगुस्तो त्यावरूनच रागावतो. शिवणं हा त्या मुलींचा पेशा आहे, फावल्या वेळचा उद्योग नाही. शिवणकाम मुली शाळेतही शिकतात.

येवलेकर:
आमच्याकडे बाई असली तरी विणकरच म्हणतात, विणकरीण कुणी म्हणत नाही. मग ‘शिंपी मुली’ का चालू नये? आणि आठसूत, ओळंब्याची दोरी तरी कोण वळत होतं?