उच्चेल्लोच्या लढाईतली काळी चिलखतं

इटालियन चित्रकार पाओलो उच्चेल्लोच्या 'सान रोमानोची लढाई' (फ्लॉरेन्स विरुद्ध सिएना, 1432) या चित्रातली चिलखतं मुद्दाम काळपट रंगवली आहेत का, असा एक प्रश्न आलाय; शिवाय त्यात यथादर्शन (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवून खोली आणायचं तंत्र) चुकलंय, असंही म्हटलंय. आधी चिलखतं: नाही, ती चांदी आहे! काळी पडलेली.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतला फलक (लाकडी फळीवरचं चित्र) नीट पाहा. पॉप्लर झाडाच्या फळीवर पांढरं अस्तर, त्यावर तांबूस मातीचा थर, त्यावर चांदीचा वर्ख. तो घासून चकचकीत करायचा आणि वर पातळ पारदर्शक रंग देऊन चिलखताला गोलाई आणायची. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते, देवघरातल्या निरांजनासारखीच. पण निरांजन घासता येतं. इथे वर्ख इतका पातळ की घासला तर चांदीच निघून खालची तांबडी माती उघडी पडते. जुन्या साफसफाईत वरचे पारदर्शक रंगही झिजले, म्हणून चिलखतं आता सपाट, कापून चिकटवल्यासारखी वाटतात. घोड्यांच्या साजावरचा सोन्याचा वर्ख मात्र अजून चमकतो, कारण सोनं काळं पडत नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की मूळ झगमगाटाचा अंदाज येतो.

आता 'यथादर्शन चुकलंय' हे म्हणणं: ते अर्धंच खरं. गुलाबी जमिनीवरचे मोडके भाले लांबच्या एका बिंदूकडे रोखलेत, इतके शिस्तीत की रणांगण फरशीसारखं दिसतं. डावीकडे पालथा पडलेला शिपाई मात्र खरोखर फसलाय: लांबी आखडून दाखवलेली आकृती जमली, पण शेजारच्या घोड्यापुढे तो बाहुलीएवढा दिसतो.