चोर तारेला चिकटला तर भरपाई कोणी द्यायची?

गोदाकाठ
काल इथेच एक पोस्ट वाचली. ‘चोर वावरात शिरला आणि विजेच्या तारेला चिकटून मेला, तर मालकाने भरपाई कशाला द्यायची?’ खाली सगळे वाहवा करतायत. राहवलं नाही म्हणून लिहितोय. बिहारमधल्या एकाने शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून उघडी तार लावून तिच्यात वीज सोडली. शेजारची बाई गेली. १९६३ साली सुप्रीम कोर्टाने चेरुबिन ग्रेगरी खटल्यात मालकाची शिक्षा कायम केली. न विचारता आत आला म्हणून माणसाचा जीव स्वस्त होत नाही.

द्राक्षवाला निफाड
संडासाला गेलेली बाई आणि माझ्या मोटारीची केबल कापणारा चोर एकाच मापात? गेल्या हंगामात दोनदा केबल गेली, एकदा स्टार्टर. पोलिसांनी अर्ज ठेवून घेतला, पुढे काही नाही. माझी भरपाई कोण देणार? आणि भाऊ, तो खटला फौजदारी होता, भरपाईचा नव्हे.

वकील सीबीएस
फौजदारीच होता, मान्य. मग भरपाईचा घ्या. अमेरिकेत आयोवात ब्रायनी नवरा-बायकोने पडीक घरात दार उघडताच सुटेल अशी बंदूक बांधली. केटको जुन्या बाटल्या-बरण्या चोरायला शिरला, पाय फुटला. चोरीचा ५० डॉलर दंड त्याला झालाच. पण १९७१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्याचे २० हजार डॉलर भरपाईचे आणि वर १० हजार दंडात्मक, असे ३० हजार कायम ठेवले.

द्राक्षवाला निफाड
म्हणजे चोराने चोरी करायची आणि शेतकऱ्याने जमीन विकायची!

वकील सीबीएस
ब्रायनींना विकावी लागलीच. पण चोराचा वाटाही कोर्ट मोजतं. इंग्लंडमध्ये ७६ वर्षांच्या न्यूबेरींनी शेडमध्ये झोपून दारातल्या भोकातून गोळी झाडली. १९९५ मध्ये चोराची भरपाई अपिलात कायम राहिली, पण स्वतःच्या दोषापायी दोन तृतीयांश कापून. अंधारात कोणी आपल्याच विहिरीत पडला, तर गोष्ट वेगळी. तुम्ही मुद्दाम सापळा लावलात, प्रश्न तिथे आहे.

दिंडोरीची सून
रात्री राखणीला कोणी का जात नाही, ते विचारा आधी. लाइट येते रात्री, बिबट्या फिरतो रात्री. दिवसा लाइट द्या, तारेची गरजच पडणार नाही.

गोदाकाठ
ताई, विषय भरपाईचा आहे.

दिंडोरीची सून
विषय हाच आहे! माझे सासरे डोक्याला बॅटरी बांधून उसाच्या कडेने पिकाला पाणी द्यायला जातात. ते घरी येईपर्यंत आम्ही जागे. त्या भीतीची भरपाई कोणी ठरवली?

ओझरकर
आमच्याकडेही तेच. रात्री अडीचला लाइट आली की मोटार चालू करायला पळायचं.

सटाण्याचा गडी
माझा चुलता तारेने गेला. तो चोर नव्हता. शेजारच्या मळ्यात डुकरांसाठी थेट लाइनची तार सोडली होती. पहाटे पाणी बघायला गेला, बांध ओलांडताना पाय लागला. ज्याची तार होती तो आमच्याच भावकीतला. तारेला डुक्कर, चोर, चुलता, काही ओळखू येत नाही. वकीलसाहेबांचे डॉलर राहू द्या, आमच्या चुलतीला आजवर एक रुपया मिळालेला नाही.

द्राक्षवाला निफाड
वाईट झालं भाऊ. माझ्या वावरातली तार उद्या काढतो. तुमच्या चुलत्यासाठी काढतो, चोरासाठी नाही. चोराला पैसे द्यायला माझं मन अजून तयार नाही.

ओझरकर
बॅटरीवरचं झटका मशीन लाव. आमच्याकडे तेच आहे. दणका बसतो, माणूस चिकटून राहत नाही.

दिंडोरीची सून
आणि दिवसाच्या लाइटचं?