पदेराच्या सायकलला गाडीने ठोकलं, नंबर अर्धाच मिळाला. भरपाई कशी मागायची? (पेडणे, गोवा)

नमस्कार. आमच्या वाड्यावर सायकलवरून पाव आणणाऱ्या पदेराला गेल्या आठवड्यात पहाटे गाडीने मागून ठोकलं आणि गाडी न थांबता गेली. मांडीचं हाड मोडलं, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) रॉड घातलाय. पोरगा मूळचा खानापूरकडचा, घरी पैसे पाठवणारा हा एकटाच.

त्या वळणावर दिवा नाही. टोपलीवर बांधलेलं निळं प्लॅस्टिक मागे लोंबतं आणि रिफ्लेक्टर झाकला जातो, हे सायकल उचलताना लक्षात आलं. चाक पार दुमडलेलं, उंडे (गोल पाव) गटारापर्यंत सांडलेले. पण मागच्याला हेडलाईटच्या उजेडात एवढी मोठी टोपली दिसू नये?

शेजारच्या काकींनी काळी नंबरची पाटी आणि पिवळी अक्षरं पाहिली, म्हणजे रेंटची कार. आकडे शेवटचे दोनच आठवतात. पोलिसांत तक्रार दिली आहे. गाडी सापडलीच नाही तर काही मिळतं का? रिफ्लेक्टर झाकलेला होता म्हणून दावा फेटाळतील का? बेकरीवाला म्हणतो, आपला काही संबंध नाही. हे खरं का? कोणाला माहिती असेल तर कृपया सांगा, पोराच्या वतीने धावपळ आम्हीच करतोय.

प्रतिसाद:
आधी वाटेवरच्या दुकानांचे सीसीटीव्ही आजच बघा, रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. काकींचा जबाब पोलिसांत नोंदवून घ्या, काळ्या पाटीसकट. रेंटच्या गाड्या मोजक्याच असतात, दोन आकड्यांवरूनही शोध लागू शकतो.

गाडी नाहीच सापडली तर 2022 च्या हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला 50,000 रुपये मिळतात, मृत्यू झाला तर 2 लाख. हाड मोडणं गंभीरमध्येच येतं. अर्जासाठी मामलेदार कचेरीत विचारा. सापडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली अडीच लाख, आणि तिथे चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. काम कायमचं सुटणार असेल तर कलम 166 खाली जास्त मागता येतं, पण अर्ज अपघातापासून 6 महिन्यांच्या आत टाका. तिथे विमा कंपनी रिफ्लेक्टरचा मुद्दा काढणारच. त्याने रक्कम कमी होऊ शकते, दावा बुडत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

बेकरीवाल्याचं एवढ्यावर सोडू नका. कामावर असताना अपघात झाला तर मालकावर भरपाईची जबाबदारी येते. मात्र मालकाकडून की मोटार अपघात न्यायाधिकरणातून (164, 166 चे दावे तिथेच चालतात), यातला एकच मार्ग धरावा लागतो. पोरगा पगारावर आहे की पाव विकत घेऊन विकतो?

प्रश्नकर्ता: पगारावर. हजेरीची वही बेकरीत असते, तिचा फोटो आजच काढून घेतो.