शब्दचर्चा: ‘इन्व्हेजिव्ह’ माशाला मराठीत म्हणायचं काय?

नमस्कार मंडळी. मी धुळ्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. तापत चाललेल्या भूमध्य समुद्रावर मुलांसाठी दोन पानांचं टिपण केलं आणि त्यात ‘इन्व्हेजिव्ह’ माशांना, म्हणजे बाहेरून येऊन तिथल्या जीवांना जड जाणाऱ्यांना, ‘आक्रमक परकीय प्रजाती’ असं लिहून मोकळा झालो. शब्द माझा नाही, सगळीकडे तोच छापलेला असतो. दुसऱ्या दिवशी एका पोराने वहीत टिपणातला सिंहमासा (लायनफिश) काढून आणला. तोंडात सुळे, पाठीवर भाले, आणि पुढे एक माणूस हातपाय मारत पळतोय. “सर, हा मागे लागतो ना?”

नाही लागत. सिंहमासा अतिशय संथ. पंख पसरून लहान माशांना कोपऱ्यात घेतो आणि गिळतो. पाठीचे काटे विषारी आहेत, पण ते बचावासाठी. पोराची चूक नव्हती, शब्दानेच त्याला तसं सांगितलं होतं.

आता प्रकरण काय ते थोडक्यात. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि तांबडा समुद्र भूमध्याला जोडला गेला. लगेच झुंडी निघाल्या असं नाही. वाटेत कडू सरोवरं आहेत, त्यांचं पाणी सुरुवातीला इतकं खारट होतं की तोच एक बंद दरवाजा होता. हळूहळू मीठ धुपलं, कालवा रुंद होत गेला. तरी पलीकडच्या माशांना तिथला हिवाळा सोसायचा होता. आता पाणी तापतंय, त्यामुळे हिवाळाही सोसवतो. सिंहमासा लेबनॉन-सायप्रसकडून पश्चिमेला सरकत इटलीपर्यंत गेला. त्याच वाटेने शेवाळ खाणारे ससेमासे आले आणि त्यांनी पूर्व भूमध्यातले खडक बोडके केले. 2003 पासून तिथे एक मोठा विषारी केंडही (फुगणारा मासा, पफरफिश) दिसतो. मालवणकडचे लोक केंड ओळखतात, जाळी कुरतडणारा. तिथलाही तेच करतो, आणि खाल्ला तर जीव जातो.

माझी अडचण अशी, की एका ‘आक्रमक’मध्ये आपण तीन गोष्टी कोंबतो: कुठला, कसा आला, आणि येऊन काय केलं. या तिघांना वेगळे शब्द आहेत का आपल्याकडे?

गिरणाकाठ:
सर, ‘परकीय’ आधी काढा. परकीय म्हटलं की डोळ्यांपुढे सत्ता येते, नाहीतर चलन. ‘उपरा’ अर्थाने बसतो, पण तो शब्द माणसांना इतका टोचून झालाय की माशाला लावतानाही हात अडखळतो.

मला ‘आगंतुक’ चालेल. आयुर्वेदात रोगांचे दोन प्रकार सांगतात, निज आणि आगंतू. शरीराच्या आत बिघडून झालेला तो निज. घाव, दंश असं बाहेरून आलेलं ते आगंतू. यात शिवी नाही, फक्त ‘बाहेरून’ एवढंच. शिवाय ही जोडी आहे. सिंहमाशाचं माहेर हिंदी महासागर आणि तांबडा समुद्र. म्हणजे अरबी समुद्रात तो निज, सायप्रसला आगंतुक. मासा तोच, पाणी बदललं की विशेषण बदलतं. ‘आक्रमक’ला हे जमत नाही, तो कायमचा चिकटतो.

‘पाहुणा’ कोणी सुचवणार असेल तर आधीच सांगतो, नको. पाहुण्याला जायची तारीख असते. न जाणाऱ्याला आपल्याकडे घरजावई म्हणतात.

भुसावळ जंक्शन:
रेल्वेत तीस वर्षं काढली, म्हणून एक भर घालतो. हे मासे-शिंपले जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातूनही येतात असं वाचलं आणि हसू आलं, कारण आमचं बॅलास्ट म्हणजे रुळाखालची गिट्टी! मग कळलं, जहाजंही पूर्वी तोल सांभाळायला दगडच भरत. पुढे टाक्यांत समुद्राचंच पाणी घ्यायला लागले. एका बंदरात भरलं, दुसऱ्या बंदरात सोडलं, आणि पाण्याबरोबर त्यातली अंडी-पिल्लंही सुटली. काळ्या समुद्रात 1980 च्या दशकात अमेरिकेकडचा एक काचेसारखा कंगवाधारी जीव (कॉम्ब जेली, दिसायला जेलीफिशसारखा) असाच उतरला. माशांचं खाणं आणि अंडी दोन्ही फस्त करत गेला, आणि तिथल्या अँकोव्ही या छोट्या माशाची मासेमारी बसली. आपल्या मुंबई आणि विशाखापट्टणमच्या बंदरांतही कॅरिबियनकडचा एक छोटा शिंपला येऊन चिकटलाय.

यावर 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2017 मध्ये लागू झाला. सुरुवातीला बंदरात सोडण्याआधी पाणी खोल समुद्रात बदललं तरी चालायचं, 2024 पासून मात्र सहसा त्यावर प्रक्रियाच करावी लागते. मराठीत ‘तोलपाणी’ म्हणावं का? ‘गिट्टीपाणी’ म्हणालात तर आमचा गँगमन फावडं घेऊन येईल.

गिरणाकाठ:
तोलपाणी झकास. उचललं.

साक्रीवाली:
सर, शाळेत कशाला अडलात, गल्लीत विचारायचं होतं. लोकांनी हे शब्द कधीच करून ठेवलेत.

लोक तीन तऱ्हांनी नाव देतात. कुठून आलं यावरून: विलायती चिंच. दिसण्यावरून: गाजरगवत. आणि वागण्यावरून: वेडी बाभूळ. आमच्याकडे पांझरेच्या काठाने ती कशी माजली ते जाऊन बघा. शेजारी गुजरातेत तिला गांडो बावळ म्हणतात, अर्थ तोच. आपल्या साध्या बाभळीलाही काटे आहेत, पण तिला कोणी वेडी म्हणत नाही. वेडी म्हणजे जिला ‘पुरे’ कळत नाही. तुमचं इन्व्हेजिव्ह ते हेच की नाही?

आता मासळीबाजारातलं सांगते. परवा पाटीत तीन ढीग होते: कटला, रोहू आणि चिलापी. विकणाऱ्या मावशींना विचारलं, यातला बाहेरचा कोणता? त्यांनी चिलापीकडे बोट केलं. ती आफ्रिकेची, 1952 मध्ये भारतात आली, म्हणजे उत्तर बरोबर. पण रोहू-कटला तरी तापीचे कुठे? ते गंगेकडचे, तळ्या-धरणांत बीज सोडून वाढवलेले. देशी आहेत, पण इथले नाहीत. म्हणून ‘विदेशी प्रजाती’ हा शब्द तर अगदीच फसवा. माशाला देशाची हद्द कळत नाही, खोरं कळतं. मावशींना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, “हाऊ आठला नही शे, पन आते आठलाच व्हयी गया.” (हा इथला नाही, पण आता इथलाच झाला.) रुळलेला परका एका वाक्यात!

गिरणाकाठ:
ताई, ‘आठला’ हा निजपेक्षा सरस. पुण्याच्या पुस्तकात छापणार नाहीत, एवढीच खोट.

वांगीबहाद्दर:
बाहेरचं ते वाईट असं असेल तर भरीत सोडा. वांगं तेवढं आपलं. त्यातली मिरची मेक्सिकोकडची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. दोघं आगंतुक, पण माजले नाहीत.

बाय द वे, तो सिंहमासा खातात का?

भुसावळ जंक्शन:
खातात. काटे काढले की मांस चांगलं, सायप्रसला हॉटेलांत मिळतो. विष काट्यात असतं, मांसात नाही. केंडाचं उलटं, त्याच्या वाटेला जाऊ नका. काळा मसाला विष मारत नाही.

मूळ प्रश्न विचारणारा:
सगळ्यांचे आभार. टिपण असं बदललं: जिथला तिथे तो ‘स्थानिक’, शेजारी ‘आठला’ही लिहिलं. वर्गात अर्धी पोरं अहिराणी बोलतात, त्यांना लगेच कळलं. बाहेरून आलेला तो ‘आगंतुक’. येऊन टिकला, पिल्लं झाली, कोणाच्या अध्यातमध्यात नाही, तो ‘रुळलेला’. आणि ज्याने इतरांचं जगणं अवघड केलं तो ‘माजलेला’. ताईंचं ‘वेडी’ मनातून आवडलं होतं, पण ‘वेडा मासा’ म्हटल्यावर वर्ग दहा मिनिटं हसत राहिला, तेव्हा सोडून दिलं. शिवाय माजणं हे तणाला आपण रोजच म्हणतो, आणि तण ही जात नसतेच मुळी. कपाशीत उगवली तर ज्वारीही तणच.

‘आक्रमक’ पूर्ण काढला नाही. परीक्षेत तोच येणार, म्हणून एका ओळीत सांगितलं, की छापील शब्द हा आहे, तो स्वभावाविषयी नसून परिणामाविषयी आहे.

एक कोडं मात्र सुटलं नाही. आपल्या किनाऱ्यावरची तारली मासळी (सार्डिन). ही पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकाकडे मिळायची. गेल्या काही दशकांत उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही मिळू लागली, आणि अभ्यासक ते पाणी तापण्याशी जोडतात. तिला ना कोणी कालवा खणून दिला, ना तोलपाण्यात भरून आणलं. तिचं पाणी तापलं तशी तिची हद्द पुढे गेली. तिला आगंतुक म्हणायला जीभ रेटत नाही. ‘स्थलांतरित’ म्हणावं तर तो पक्ष्यांचा शब्द, त्यात परत जाणं गृहीत आहे. हद्द सरकलेली म्हणून ‘सरकी’ म्हणावं का?

साक्रीवाली:
सर! सरकीची ढेप आमची म्हैस खाते.

गिरणाकाठ:
‘सरकती’ म्हणा. आणि ढेपेचा भाव काय चाललाय ताई?