निवडणूक ड्यूटी आणि घर : तुमचे अनुभव लिहा

प्रशिक्षणात यंत्र जोडायला शिकवतात, नमुना १७-सी, म्हणजे नोंदलेल्या मतांचा हिशेब, भरायला शिकवतात, टेंडर मत (आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर खऱ्या मतदाराला देता येणारं मत) म्हणजे काय तेही सांगतात. आदल्या रात्री परक्या गावातल्या वर्गाच्या फरशीवर झोप कशी लागायची, हे मात्र ज्याचं त्यानं बघायचं. ड्यूटी रद्द कशी करून घ्यावी यावर बोलणारे भरपूर आहेत, तो विषय इथे नको. ड्यूटी लागलीच, तर घरातल्या कुठल्या माणसानं, सवयीनं, डब्यानं तुम्हाला तारलं ते लिहा. सुरुवात मी करते.

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभा. मी मतदान अधिकारी क्रमांक एक, म्हणजे यादीत नाव शोधून मोठ्यानं वाचायचं काम. आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य घेतलं, मोजलं, एसटीत बसलो. सासूबाईंनी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. पिशवीत काय असावं हेही त्यांचंच : स्वतःचं कुलूप, मेणबत्ती, प्लास्टिकचा मग, दोरी, जुनी साडी. मला हसू आलं होतं. पण खिडक्यांना तावदानं नव्हती, तिथे ती साडीच दोरीवर टाकली आणि आम्ही तिघी बायका तिच्याआड निवांत कपडे बदलू शकलो. सात वाजता मतदान, त्याआधी दीड तास अभिरूप मतदान (यंत्र तपासायला घेतलेलं नुसतं चाचणीचं मतदान), म्हणजे उठायचं चारला. रोजच्यासारखी वेणी घातली, कुंकू लावलं, शांतपणे चहा घेतला. तेवढ्यानं डोकं जागेवर आलं.

केंद्राध्यक्ष, नांदेड जिल्हा
आमची २६ एप्रिल २०२४, लोकसभा. ऊन सांगायला नको. मला मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यामुळे बायकोनं डबा वेळेप्रमाणे बांधून दिला होता. प्रत्येक पुडीवर स्केचपेननं लिहिलेलं : ‘११ ला’, ‘२ ला’, ‘४ ला, रांग असली तरी’. केंद्राध्यक्षाला जागा सोडता येत नाही, दर दोन तासांनी आकडेवारी कळवायची, त्यात एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी प्रत्येक बाईच्या पदराकडे बघून ओळखीवर हरकत घेणार. अशात भूक कळतच नाही, थेट हात थरथरायला लागतात. पुडीवरचं तिचं अक्षर दिसलं की मी मुकाट खायचो.

खरा ताण सहानंतर. कंट्रोल युनिटवरचा, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्रावरचा, एकूण आकडा आणि नोंदवहीतली शेवटची क्रमसंख्या जुळली की माणूस श्वास सोडतो. मग लाख, मेणबत्ती, पितळी शिक्का, पाकिटांवर पाकिटं. बोटांना चटके बसतात. साहित्य जमा करायच्या रांगेत मध्यरात्र उलटली. मुलगा मोटारसायकल घेऊन फाटकाबाहेर थांबला होता. ‘कसं झालं’ असं त्यानं विचारलं नाही, पाण्याची बाटली दिली आणि गाडी चालू केली. पोराला ही अक्कल कुठून आली देव जाणे.

बँक कर्मचारी, मुंबई
हवेची उशी, खिशात मावते. आणि घरच्या गटावर आधीच टाकून ठेवायचं की दिवसभर फोन लागणार नाही. माझ्या आईनं एकदा थेट निवडणूक कार्यालयात फोन लावला होता.

ड्यूटीवर न गेलेला नवरा, सांगली
माझा अनुभव चालेल का? बायको शिक्षिका, ड्यूटी तिला. घर मी आणि माझी आई सांभाळतो. पहिल्या वेळी ती परतली तेव्हा मी उत्साहानं प्रश्न विचारत बसलो, ती रडायलाच लागली. आता ठरलेलं आहे : पाणी तापवून ठेवायचं, मऊ वरणभात, वर तूप, लिंबाचं लोणचं. धाकटीला सांगून ठेवायचं की आईला उठवायचं नाही. हकीकत दुसऱ्या दिवशी, तीही तिनं काढली तर. मग मात्र दोन तास ऐकावी लागते!

अंगणवाडी सेविका, विदर्भ
सगळं वाचलं, बरं वाटलं, पण एक बोलते. दशम्या घरच्या, साडी घरची, औषध घरचं, मोटारसायकल घरची. मग सरकारचं काय? माझ्या केंद्रावर संडासाला कडी नव्हती. पाळीचे दिवस होते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीनं स्वतःच्या घरी नेलं, न्हाणीघर दिलं, गरम भाकर वाढली. तिचं घर होतं म्हणून निभावलं. गडचिरोलीत काही पथकं हेलिकॉप्टरनं पोचवतात, मग कडी बसवायला काय हरकत आहे? स्वतःची काळजी घ्या म्हणणाऱ्यांनी आधी कडी बसवावी.

सॅन होजे, कॅलिफोर्निया
इकडची गोष्ट वेगळी. नागरिक झाल्यावर ज्यूरीचं, म्हणजे खटला ऐकून निर्णय देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळात बसायचं, बोलावणं आलं. दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर आणि वाहनखर्च, पण त्रास पैशांचा नाही. खटला संपेपर्यंत घरीसुद्धा चकार शब्द काढायचा नाही, असा न्यायाधीशांचा हुकूम. आमच्या घरात जेवताना सगळं बोललं जातं, तिथे मी गप्प. फौजदारी खटला होता, छायाचित्रं डोळ्यांपुढून हलत नव्हती. बायकोनं मग रोज संध्याकाळी मला कणीक मळायला लावली, आणि ती स्वतः शेजारी उभी राहून माहेरच्या भानगडी सांगायची. कुणी कुणाला काय बोललं, कुणाच्या लग्नात मानपान राहिला. ते ऐकताना पोळ्या वाकड्या झाल्या, पण रात्री झोप लागायची.

केंद्राध्यक्ष, नांदेड (पुन्हा)
अंगणवाडीताई, कडीचं शंभर टक्के पटलं. आमच्याकडेही दिव्याची तीच रड. केंद्राध्यक्षाच्या डायरीत अशा गोष्टी लिहाव्यात, मी लिहितो.

धागाकर्ती
ताई, तुमचं म्हणणं वर घ्यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. नांदेडचे सर, इन्सुलिन उन्हात कसं सांभाळता? माझ्या सहकारी बाईंना पुढच्या वेळी लागेल.

केंद्राध्यक्ष, नांदेड
रुंद तोंडाच्या थर्मासात बर्फ, पण पेन बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही, रुमालात गुंडाळायचं. गोठलं तर फेकावंच लागतं. बर्फ गावातल्या किराणावाल्याकडून मिळतो. त्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, सकाळी दुकान उघडायला तो आठ वाजवतो.