चिया कोरडे खाऊ नका

कोरडे चिया चमचाभर तोंडात टाकून वर पाणी प्यायलं तर चालेल का, असं विचारलंत. कृपा करून तसं करू नका! हे बी स्वतःच्या वजनाच्या जवळपास दहापट पाणी शोषतं. कोरडं गिळल्यावर ते अन्ननलिकेत फुगून अडकल्याची नोंद २०१४ मध्ये अमेरिकेत झाली आहे. अर्धा तास तरी भिजवा, मधे एकदा ढवळा, नाहीतर तळाशी गुठळी होते. खरा फायदा तंतूंचा (फायबरचा), २८ ग्रॅममध्ये साधारण १० ग्रॅम. पोट साफ व्हायला त्याने मदत होते. ओमेगा-३ (शरीराला लागणारा एक स्निग्ध घटक) मात्र आपल्या जवसातही भरपूर असतं, तेही बरंच स्वस्तात. घरात जवसाची चटणी रोज पानात असेल तर चियावाचून काही अडत नाही.